थंडीतलं पाणी आणि पोहणाऱ्या बाया

बासर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते ती सरस्वती, पाटीवर पहिलं अक्षर गिरवणारी मुलं आणि वसंत पंचमीची गर्दी. मला या लेखात बासरच्या पाण्याबद्दल लिहायचंय, तेही हिवाळ्यातल्या. कारण गोदाकाठच्या या गावात वर्षातलं सगळ्यात मोठं स्नान थंडीतच होतं, आणि त्या स्नानाला येणाऱ्यांत बायकाच जास्त. एवढ्या बाया थंड पाण्यात उतरतात, पण त्यांतल्या किती जणींना पोहता येतं? या प्रश्नामागे लागले तर इतिहास बराच मागे घेऊन गेला.

आधी गाव कुठं आहे ते सांगते. गोदावरी नांदेडवरून धर्माबादकडे येते, कंदकुर्तीला तिला मांजरा मिळते आणि मग ती बासरला पोचते. गाव उत्तर तीरावर. पलीकडे निजामाबाद जिल्हा. निजामाच्या काळात मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा मुधोळ आदिलाबादेत गेला आणि आदिलाबादचा किनवट नांदेडला आला. २०१६ साली पुन्हा जिल्हे फुटले आणि बासर निर्मल जिल्ह्यात गेलं. जुनी माणसं मात्र अजून आदिलाबादच म्हणतात. सरहद्द अशी कागदावर इकडून तिकडे सरकली, पण सोयरिकी कुठं सरकतात? भैसा, मुधोळ, बासर भागातल्या घरांत आजही मराठी बोललं जातं, लेकी धर्माबाद-नांदेडला दिल्या जातात, तिकडच्या इकडे येतात. माझं आजोळ याच पट्ट्यातलं, म्हणून हे गाव मला परकं नाही.

बासरच्या देवळाची कथा सगळ्यांना माहीत आहे. व्यास इथं आले, रोज गोदेत स्नान करून तीन मुठी वाळू आणायचे आणि त्या वाळूच्या मूर्ती झाल्या: सरस्वती, लक्ष्मी, काली. व्यासांवरूनच गावाचं नाव व्यासर, वासर, बासर असं होत गेलं म्हणतात. म्हणजे गावाच्या मुळाशीच नदीतली बुडी आहे. वसंत पंचमी माघ शुद्ध पंचमीला येते. पौष पौर्णिमेपासून माघ पौर्णिमेपर्यंत माघस्नानाचा महिना, त्याच महिन्यात हा सण. त्याआधी कार्तिकस्नान असतंच. पहाटे अंधारात बाया घाटावर येतात, नाक धरून तीन बुड्या घेतात, दिवा सोडतात. तेलंगणात गारठा सगळ्यात जास्त पडतो तो याच आदिलाबादच्या पट्ट्यात. तिथं पहाटे पाचला नदीत उतरायचं म्हणजे काही खायचं काम नाही.

पण बुडी म्हणजे पोहणं नव्हे. पाय टेकलेले, एक हात साखळीला नाहीतर सोबतिणीच्या हातात, पाणी कमरेपर्यंत. पायरीवरून पाय निसटला तर पुढं काय, याचं उत्तर घाटावरच्या बहुतेक बायांकडे नसतं.

आता तुम्ही म्हणाल, आपण जैन. आपला या स्नानाशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे.

पहिली बाजू कथेची. बासरहून खाली गेलं की थोड्याच अंतरावर बोधन आहे. हेच पुराणातलं पोदनपूर, बाहुबलींची राजधानी, असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत. वेमुलवाड्याच्या चालुक्यांचं मूळ ठाणंही याच पोदनचं. त्यांच्या दरबारात पंप हा जैन कवी होता. ९४१ साली त्यानं कन्नडमध्ये 'आदिपुराण' लिहिलं. म्हणजे आज ज्याला आपण तेलुगू मुलूख म्हणतो, तिथं हजार वर्षांपूर्वी कन्नड काव्य रचलं जात होतं आणि रचणारा आपला माणूस होता. चामुंडरायाची आई काललदेवी हिनं पोदनपूरच्या बाहुबलींच्या उंच मूर्तीबद्दल ऐकलं, दर्शनाचा ध्यास घेतला, तिथं पोचता येईना म्हणून श्रवणबेळगोळची मूर्ती घडली, ही कथा तर आपण लहानपणापासून ऐकतो.

पंपाच्याही आधी, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात जिनसेनाचार्यांनी संस्कृतात 'आदिपुराण' रचलं. भरत-बाहुबलींचं युद्ध त्यात आहे. दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी राहिली. तेव्हा मंत्र्यांनी विचार केला, भांडण दोघा भावांचं, त्यात हजारो माणसं का मारायची? म्हणून तीन धर्मयुद्धं ठरली: दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध. जलयुद्धात दोघं सरोवरात उतरले आणि एकमेकांवर पाणी उडवू लागले. भरताची उंची ५०० धनुष्य, बाहुबलींची ५२५. भरतानं उडवलेलं पाणी बाहुबलींच्या छातीपर्यंतच जाई, आणि बाहुबलींचं पाणी थेट भरताच्या तोंडावर. भरत हरला. पाठशाळेत हे ऐकताना आम्हा मुलींना हसू यायचं, चक्रवर्ती आणि पाण्यात खेळतोय! पण आज वाटतं, हे खेळणं नव्हतं. रक्त सांडू नये म्हणून ते दोघं पाण्यात उतरले होते. पाण्यात उतरण्यामागे जीव वाचवण्याचा हेतू असू शकतो, हे आपल्याच पुराणात लिहून ठेवलंय.

दुसरी बाजू शास्त्राची, आणि ती कडक आहे. समंतभद्राचार्यांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त लोकमूढता सांगितली आहे. धर्म समजून नदी-समुद्रात स्नान करणं, वाळू-दगडांचे ढीग रचणं, कड्यावरून उडी घेणं, आगीत शिरणं, ही सगळी मूढता. बासरची गोष्ट माहीत असणाऱ्याला हे वाचताना थबकायला होतं, कारण नदीचं स्नान आणि वाळूचा ढीग दोन्ही शेजारीशेजारी येतात. आचार्यांनी बासर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं असं अर्थातच नाही. असे प्रघात देशभर होते. श्वेतांबर आगमांतल्या 'सूत्रकृतांगा'त तर सरळ हिशेब मांडलाय: पाण्याच्या स्पर्शानं सिद्धी मिळत असती तर पाण्यातले जीव कधीच तरून गेले असते.

हाच मुद्दा बौद्धांच्या 'थेरीगाथे'त एका बाईच्या तोंडी आहे, आणि मला तो जास्त जवळचा वाटतो. पुण्णिका ही श्रावस्तीची दासी. भर थंडीत तिला नदीवर पाणी भरायला जावं लागे. नाही गेलं तर मालकिणीचा मार. तिथं तिला एक ब्राह्मण कुडकुडत बुड्या मारताना दिसतो. ती त्याला विचारते, तू कशाच्या भीतीनं पाण्यात उतरलास? तो म्हणतो, पाप धुवायला. ती म्हणते, मग बेडूक, कासवं, मगरी सगळे स्वर्गातच जातील की! दोघंही थंड पाण्यात उभे. तो आपल्या मर्जीनं, ती पोटासाठी. पुण्याचा हिशेब विद्वानांनी कसाही करो, थंड पाण्याचा खरा हिशेब पाणी भरणारीला ठाऊक असतो.

आपल्या गोदाकाठावरही हेच दिसतं. हाल सातवाहनाच्या 'गाथासप्तशती'त, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत, गोदावरी पुन्हापुन्हा येते. तिथल्या बाया नदीवर येतात, नहातात, घाटाचा उतार अवघड आहे या निमित्तानं हव्या त्या माणसाचा आधार घेतात. नदी त्यांच्या रोजच्या जगण्यात आहे. पुढच्या काळात धुणं, पाणी, भांडी, गुरं यांसाठी बाई नदीवर जातच राहिली. वर्षाचे बाराही महिने पाण्याशी संबंध बाईचा, आणि पोहायला शिकवलं कुणाला? मुलांना! पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा आणि चुलत्यानं विहिरीत ढकलायचं, अशी सगळी शाळा. मुलगी त्या वेळी काठावर बसून भावाचे कपडे सांभाळायची. काठच्या गावांतून कोळ्या-भोयांच्या बाया तेवढ्या पाण्याला सरावलेल्या. आपल्यासारख्या व्यापारी, शेतकरी घरांत हा विषयच निघायचा नाही. अंगाला चिकटणारं ओलं लुगडं आणि बघणारे लोक, ही एक अडचण. आणि दुसरी अडचण आपली खास, जीवहिंसेची. तिच्याबद्दल पुढं लिहिते.

दरम्यान नदीही बदलली. पूर्वी हिवाळ्यात गोदा उतरायची, वाळूचे पट्टे उघडे पडायचे, कुठं गुडघाभर, कुठं डोह, आणि डोह कुठं आहे ते गावाला पाठ असायचं. १९६३ साली पोचमपाडला पंडित नेहरूंच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. तेच आजचं श्रीरामसागर. त्याचा फुगवटा बासरपर्यंत येतो. वाहत्या पाण्याच्या जागी साचलं पाणी आलं, जुन्या खुणा बुडाल्या. वरच्या अंगाला धर्माबादजवळ बाभळीचा बंधारा झाला. त्यावरून दोन राज्यांत वाद झाला आणि २८ फेब्रुवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. म्हणजे २९ ऑक्टोबरला दरवाजे पडतात. कार्तिकस्नानाचे दिवस तेच! हिवाळ्यात नदीचं पाणी किती, कुठं, याचा हिशेब आता पंचांगाइतकाच दरवाज्यांच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे. आजीला ठाऊक असलेली नदी नातीच्या कामाची राहिलेली नाही. अशा वेळी पोहता येणं हेच काय ते आपल्या हातात उरतं.

आणि इथंच मळ्यातला हौद कामाला येतो.

माझ्या मामांच्या मळ्यात घराच्या मागं, परसातच म्हणा ना, एक सिमेंटचा हौद आहे. विहिरीचं पाणी आधी त्यात पडतं, तिथून पाटानं पिकाला जातं. पूर्वी वीज रात्री-बेरात्री यायची, म्हणून पाणी साठवायला मोठा हौद लागायचा. १ जानेवारी २०१८ पासून तेलंगणात शेतीला चोवीस तास वीज आहे, तेव्हा हौदाची तशी गरज उरली नाही. पण तो मोडायला कोण जातं? पाच-सहा हात रुंद, दहा-बारा हात लांब, पाणी छातीपर्यंत. माझ्या मामेबहिणी आणि त्यांच्या मुली याच हौदात पोहायला शिकल्या. चारी बाजूंनी तुरीचं पीक उभं, बघायला कुणी नाही. मामीनं सुरुवातीला कपाळाला हात लावला होता. नंतर तीच काठावर टॉवेल घेऊन बसू लागली.

गंमत अशी की मुली पोहायच्या त्या दिवाळीनंतर. उन्हाळ्यात पाणी पिकाला, हौद रिकामा. हिवाळ्यात तूर-हरभऱ्याला पाणी कमी, म्हणून हौद भरलेला. तिथं मला पाण्याची एक गोष्ट कळली. विहिरीचं पाणी जमिनीच्या पोटातलं, त्याचं तापमान वर्षभर जवळजवळ सारखंच. थंडीच्या सकाळी मोटारीतून पडणारं पाणी कोमट लागतं, त्यावर वाफ दिसते. तेच पाणी रात्रभर उघड्या हौदात राहिलं की गार पडतं. म्हणून मुली आधी मोटार सुरू करायच्या आणि पाण्याच्या धारेखालून उतरायच्या. पाणी तापवायची सोय नसलेल्या हौदावर बायांनी शोधलेली ही युक्ती.

शहरात उलटं. मी राहते तिथल्या एका तलावात बायकांची वेळ होती. नोव्हेंबर लागला की ती बंद करायचे. का, तर बायका थंडीत येत नाहीत. येतात की नाही हे आम्हाला कुणी विचारलं नाही. ज्या वेळी तलाव रिकामा असतो, नव्या बाईला भीड वाटत नाही, नेमकी तीच वेळ बंद.

बायकांना थंड पाणी झेपत नाही, हा समज तसा जगभरचा. ऑलिम्पिकमध्ये बायकांचं पोहणं आलं ते १९१२ साली, पुरुषांनंतर १६ वर्षांनी. १९२६ मध्ये अमेरिकेच्या गर्ट्रूड एडर्लेनं इंग्लिश खाडी पार केली, आणि तिच्याआधी पार केलेल्या पुरुषांपेक्षा कमी वेळात केली. १९५९ साली आपल्या आरती साहानं ती पार केली. हे करणारी ती आशियातली पहिली बाई. मुंबईच्या रूपाली रेपाळेनं १९९४ साली खाडी पार केली तेव्हा ती जेमतेम १२ वर्षांची होती. ऐन उन्हाळ्यातही त्या खाडीचं पाणी १५ ते १८ अंशांच्या आसपास. आपली नदी कितीही गारठली तरी तिथली थंडी तिला येत नाही. मग आपल्याला काय झालं?

पण धाडसाच्या गोष्टी सांगून मी कुणाला पाण्यात ढकलणार नाही. थंड पाण्याचे नियम वेगळे असतात आणि ते समजून घ्यायलाच हवेत. पाणी अंगातली उष्णता हवेच्या साधारण पंचवीसपट वेगानं ओढून घेतं. एकदम गार पाण्यात शिरलं की आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. धाप लागते, छाती धडधडते. हे पहिले दोन-तीन मिनिटं चालतं, मग श्वास ताळ्यावर येतो. म्हणून सूर मारायचा नाही. आधी पाय, मग हात-तोंड ओलं करायचं, हळूहळू उतरायचं आणि श्वास स्थिर होईपर्यंत काठ सोडायचा नाही. दुसरं म्हणजे आधी हातापायांतली ताकद जाते, बोटं आखडतात, आणि चांगलं पोहणारीलाही हात उचलेनासा होतो. तेव्हा दमायच्या आधीच बाहेर यायचं. आणि तिसरं, बाहेर आल्यावरही काही वेळ आतलं तापमान उतरतच राहतं. लगेच कढत पाण्याची अंघोळ नको. ओले कपडे आधी काढा, कोरडे चढवा, डोकं झाका, काहीतरी गरम प्या. मामीचा टॉवेल आणि चूल यांत हे सगळं शास्त्र होतं. ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या फंदात पडू नये. आणि एकटीनं कधीच नाही.

घाटावर पहाटे बुडी घेणाऱ्या शेजारणींनाही हे सांगायला हरकत नाही. श्रद्धा तिची, पण श्वास सगळ्यांचा सारखाच.

आता ती दुसरी अडचण. आपण पाणी गाळून पितो. गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटंच चालतं, हे आपल्या पोरींना पाढ्यांसारखं पाठ असतं. गाळण्यावर राहिलेली जिवाणी ज्या विहिरीतलं पाणी त्याच विहिरीत हळुवार परत सोडायची. माझी आजी त्यासाठी कडी असलेली वेगळी बादली ठेवायची, म्हणजे वरून ओतल्यानं जिवांना धक्का बसायला नको. दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांत तर अस्नान हे व्रतच आहे. ज्या घरात एका तांब्यासाठी एवढी काळजी, त्या घरच्या लेकीनं अख्ख्या हौदात हातपाय मारायचे? हा प्रश्न मला एका मावशींनी विचारला, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही.

मी त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहिते. पहिलं असं की मुनींची महाव्रतं वेगळी आणि गृहस्थांची अणुव्रतं वेगळी. श्रावकाला विनाकारण केलेल्या हिंसेपासून दूर राहायचं असतं. अनर्थदंडाच्या प्रकरणात समंतभद्राचार्य प्रमादचर्या सांगतात: हेतू नसताना जमीन उकरणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडं तोडणं. भर त्या 'हेतू नसताना' या शब्दांवर आहे. तासन्‌तास मजेखातर पाण्यात डुंबत राहणं हे त्यात येईल, मी नाही म्हणणार नाही. पण आपला आणि पाण्यात पडलेल्या लेकराचा जीव वाचावा म्हणून शिकणं, हे हेतूवाचून कसं? आपलं घर नदीकाठी, कॅनॉल शेजारून, शेततळी गावोगाव. जिथं जीव जाण्याचा धोका समोर आहे, तिथं न शिकणं हाच प्रमाद नाही का?

मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बरं, पण साबण लावून उतरू नका पाण्यात, आणि भसाभसा उड्या नकोत. आजीची बादली आठवा." मला ते पटलं. हळू उतरायचं, पाणी घाण करायचं नाही, शिकून झालं की बाहेर यायचं. थंड पाण्याचा नियम आणि आजीचा नियम इथं एकच निघाला.

शेवटी एक शब्द. आपण ज्यांना तीर्थंकर म्हणतो, त्या नावात तीर्थ आहे, आणि तीर्थ म्हणजे मुळात नदी उतरण्याची जागा, उतार. संसारसागर तरून जाण्याची भाषा आपण रोज पूजेत बोलतो. शब्द नदीकाठच्याच माणसांचे आहेत. ज्यांनी पहिल्यांदा ते वापरले, त्यांना वाहत्या पाण्याची भीती आणि पैलतीराला लागल्यावरचा सुटकेचा श्वास, दोन्ही माहीत असणार. आपल्याला फक्त शब्द उरले आहेत.

आपल्या महिला मंडळांत दरवर्षी रांगोळीची स्पर्धा होते, पाककृतींची होते, पाठांतर होतं. होऊ देत. त्यासोबत एखाद्या मळ्यातला भरलेला हौद, पाण्याची जाण असलेली एक अनुभवी बाई, काठावर एक मावशी टॉवेल घेऊन, आणि दिवाळी ते वसंत पंचमी एवढे तीन महिने. दहा मुली जरी पाण्यावर तरंगायला शिकल्या तरी पुष्कळ. वसंत पंचमीला बासरला मुलं पहिलं अक्षर गिरवतात. सरस्वती ही आपलीही श्रुतदेवता. मथुरेच्या कंकाली टेकडीवर सापडलेली सगळ्यात जुन्या सरस्वतींपैकी एक मूर्ती जैनांनीच घडवली आहे. तिच्या गावात मुलीला अक्षर शिकवायचं आणि तिथल्याच नदीत बुडण्यापासून वाचायला शिकवायचं नाही, हे मला अर्धंच शिक्षण वाटतं.